जैबून, ते सहा महिने

जैबून, तुला एक गोष्ट सांगायची आहे. तू असताना सांगता आली नसती, कारण मलाच ती तू गेल्यावर कळली. लगेच सांगून मोकळं व्हावं असं वाटतं, पण जीभ वळत नाही. आपलं बोलणं तरी कधी सरळ सुरू झालं होतं? आधी चहा, मग शेजारपाजार, मग नूरी, आणि निघता निघता उंबऱ्यात उभं राहून खरं काय ते.

तुला मातीला नेलं तेव्हा मी आत बायकांत बसले होते. तुझी नूरी माझ्या मांडीत डोकं घालून पडली होती. एवढी मोठी झालेली पोर, पण लहानपणी झोपायची तशीच मुठी आवळून. बाहेरच्या रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला आणि मी दचकले. बाकीच्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांना काय माहीत, हे दचकणं तुझं होतं ते. तू गेलीस आणि ते माझ्याकडं ठेवून गेलीस.

कळंबला माझी बदली झाली त्या वर्षी खोली मिळत नव्हती. आडनाव सांगितलं की घरमालकाच्या रिकाम्या खोलीत अचानक पाहुणे येणार असायचे. शेवटी कुणीतरी तुझ्या अब्बांच्या पिंजाऱ्याच्या दुकानाकडं बोट दाखवलं. चाचा कापूस पिंजत होते. दाढीवर कापूस, भुवयांवर कापूस. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "मास्तरीणबाई, आमच्या घरात सागुती शिजती. चालंल का?"

"आमच्याही घरी शिजते, चाचा."

ते खळखळून हसले आणि मागच्या अंगणातली खोली मला मिळाली. तू दाराआडून बघत होतीस. नाव नाही, गाव नाही, तुझा पहिला प्रश्न हा होता: "बाई, तुमच्या शाळेत पोरगी घातली, तर दुसऱ्या कुणाच्या हातात देत न्हाईत ना? कुणी बाप म्हणून आला तरी?"

मला तेव्हा वाटलं, आईचं काळीज. खरं काय ते कितीतरी दिवसांनी सांगितलंस, ज्वारी निवडता निवडता, मान वर न करता. दुष्काळाचं साल. तामलवाडीला तुझं सासर. शेतं उघडी पडलेली आणि गावातली सगळी माणसं खडी फोडायच्या कामावर. इस्माईल मुकादमाशी भांडून दुपारीच घरी आला. तू म्हणालीस, पोरीला दूध नाही, माझ्याच अंगात काही उतरत नाही. तेवढंच म्हणालीस. त्यानं पाळण्यातनं नूरीला उचललं, विहिरीवर गेला आणि तिला दोन्ही हातांत धरून आत लोंबती धरली. विहिरीला पाणी नव्हतं. खाली नुसते दगड.

"बोल अजून," म्हणाला.

तू बोलली नाहीस. त्यानं हसत पोर परत दिली, जणू गंमत केली होती. पुढं थोड्याच दिवसांत हैदराबादकडं जाणाऱ्या एका ट्रकवर तो चढला. जाताना म्हणाला, "काम बघून येतो. येईन तवा दोघी हितंच दिसल्या पायजेत."

तो आला नाही. पैसा नाही, निरोप नाही. तू सासरी राहिलीस, मग एक दिवस चाचा येऊन तुम्हा दोघींना कळंबला घेऊन आले. लोक म्हणायचे, बिचारी वाट बघते. तू वाट बघत होतीस हे खरंच होतं, पण साप घरात शिरल्याचं कळल्यावर माणूस बघतो तशी.

गावात दूध सोसायटी निघाली आणि तुला तिथं कॅन धुवायचं, माप घ्यायचं काम मिळालं. सोसायटीचा टेम्पो चाँदभाई चालवायचे. त्यांची बायको बाळंतपणात गेलेली, पोरही वाचलं नव्हतं. माणूस अबोल. मी एकदा तुला डबा द्यायला आले होते तेव्हा बघितलं, बाकीची माणसं कॅन धाडकन आपटायची आणि तू प्रत्येक आवाजाला आक्रसायचीस. चाँदभाई मात्र कॅन मांडीवर घेऊन हळूच जमिनीला टेकवायचे. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी घरी येऊन तुला चिडवलं आणि तू माझ्यावर चिडलीस, इतकी की दोन दिवस बोलली नाहीस. तेव्हाच मला कळलं.

चाचांनाही कळलं होतं. पण निकाह कसा लावणार? कागदावर, अल्लाहपुढं, लोकांपुढं तू इस्माईलची बायको. चाचा तुला घेऊन मशिदीतल्या मौलवीसाहेबांकडं गेले. मीही होते, बाहेर ओट्यावर. मौलवीसाहेब म्हातारे होते, बोलायला फार मऊ. म्हणाले, "बेटी, खुला, म्हणजे बाईनं आपली सुटका मागायची, तर समोर नवरा पाहिजे, त्याची हो पाहिजे. तो तर बेपत्ता. जुन्या किताबात असं लिहिलंय की तो नव्वद वर्षांचा झाला असता तोवर बायकोनं थांबायचं."

चाचांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"थांबा, थांबा," मौलवीसाहेब म्हणाले. "आपल्यातल्या मोठमोठ्या आलिमांना दिसलं की यात बायका मरतायत. त्यांनीच दुसऱ्या इमामांचं मत घेतलं आणि इंग्रजाच्या राजवटीतच कायदा झाला. चार वर्षं नवऱ्याचा पत्ता नसला तर बाईला कोर्टातून निकाह तोडता येतो. हे दीनाबाहेरचं, धर्माबाहेरचं नाही. कोर्टात जा."

घरात पाऊल टाकलं आणि तू हसत सुटलीस. "मास्तरणी, नव्वद! दात पडलेला इस्माईल ईल आणि म्हणंल, चल!" मीही हसले. मग तू एकदम थांबलीस आणि नूरी कुठं आहे ते बघायला बाहेर पळालीस.

वकीलसाहेबांच्या त्या अंधाऱ्या खोलीतला दिवस आठवतो? आपलं पहिलं खरं भांडण तिथूनच सुरू झालं आणि ते आजपर्यंत मिटलं नाही. त्यांनी नीट समजावून सांगितलं. एक, फौजदारीचा नवा कायदा आलाय, त्यात एकशे पंचवीस कलमाखाली पोटगी मागता येते, बायकोला आणि मुलीला. कोर्ट नवऱ्याला समन्स काढील, पोलीस शोधतील, पैसे दिले नाहीत तर त्याला आत घालता येईल. दोन, एकोणीसशे एकोणचाळीसच्या कायद्याखाली निकाह रद्द करून घेता येतो. त्याला कारणं लागतात. नवरा चार वर्षं बेपत्ता हे एक, दोन वर्षं पोटाला घातलं नाही हे दुसरं. "माझा सल्ला," ते म्हणाले, "दोन्ही करा. पोटगी तुमचा हक्क आहे."

"त्याला शोधून आणत्याल?" तू विचारलंस.

"आणावंच लागेल."

तू उठलीस आणि चालायला लागलीस. मी तुझ्यामागं धावले. भर रस्त्यात मी तुला बोलले, जैबून. म्हटलं, पोरगी त्याची आहे, खर्च त्यानं द्यायला नको? हक्क सोडून द्यायचा? तू दूध सोसायटीत हात सोलवटून घेतेस आणि तो तिकडं मजेत? हे सगळं शाळेत शिकवल्यासारखं बोलत होते मी. तू एवढंच म्हणालीस, "मला त्याच्याकडनं काई नगं. त्यो सापडायला नगं, एवढंच पायजे. तुला विहीर दिसली न्हाय, मास्तरणी."

आजही मला वाटतं, माझं बरोबर होतं. आणि तुझंही.

दावा दाखल झाला. तेव्हा आपल्याला कळलं की बेपत्ता नवऱ्याच्या दाव्यातसुद्धा त्याच्या भावाला, वारसांना नोटीस द्यावीच लागते, वर पेपरातही छापावी लागते. वकीलसाहेबांनी पेपरातला तो चौकोन दाखवला. तुला वाचता येत नव्हतं. बोटानं स्वतःचं नाव कुठंय ते विचारलंस, मग इस्माईलचं कुठंय ते. मग अगदी हळू विचारलंस, "साहेब, ह्यो पेपर हैदराबादला जातो का?"

वकीलसाहेब हसले. मी नाही हसले.

पेपर गेला की नाही कोण जाणे, पण नोटीस तामलवाडीला पोचली आणि इस्माईलचा थोरला भाऊ गफूर कळंबला आला. पांढरी टोपी, धुतलेला नेहरू शर्ट, हातात नूरीसाठी केळी. चाचांच्या दुकानात गादीवर बसला आणि तासभर पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. मी शाळेतून आले तेव्हा तू मला आत ओढलंस आणि दाराला पाठ लावून उभी राहिलीस. बाहेर त्याचा आवाज एकदाही चढला नाही. त्यामुळंच जास्त भीती वाटत होती.

जाता जाता त्यानं तुला हाक मारली. "जैबून, कोर्टात आपल्या घराची इज्जत कशाला नेतीस? इस्माईल ईल. आमी आणू त्याला. तोवर नूरीला आमच्याकडं धाड. माझ्या पोराला चालंल ती पुढं. घरातलं घरात राहील."

नूरी पहिलीत होती, जैबून. अजून 'ळ' म्हणता येत नव्हता तिला.

"भाईजान," तू दाराआडून म्हणालीस, "पोरगी शाळंत हाय."

एवढंच. ती केळी तू कुणाला खाऊ दिली नाहीस. गायीला घातलीस.

कोर्टात गफूरनं सांगितलं की भाऊ हैदराबादच्या बाजूला आहे. पत्ता विचारला तर सांगता आला नाही. वर हेही सांगितलं की भावाच्या वतीनं आपण भावजयीला ज्वारी पोचवत होतो, तिला उपाशी ठेवलं नाही. एकदा एक पोतं आलं होतं, खरंच. त्या एका पोत्यानं पोटाला न दिल्याचं कारण डळमळलं आणि न्यायाधीशांनी ते बाजूला ठेवलं. पण बेपत्ता आहे हे सगळ्यांच्या तोंडून सिद्ध झालं होतं. निकाल तुझ्या बाजूनं लागला. चाचांनी तिथंच हात जोडले. तुझे डोळे भरून आले. मी तुझा दंड धरला होता, तो सैल पडलेला मला कळला, किती वर्षांनी.

आणि मग वकीलसाहेबांनी आपल्याला व्हरांड्यात बाजूला घेतलं. म्हणाले, "एक आहे. बेपत्ता म्हणून हुकूम झाला की तो सहा महिन्यांनी लागू होतो. तेवढ्या मुदतीत नवरा कोर्टापुढं हजर झाला आणि बायकोला नांदवायला तयार आहे असं त्यानं कोर्टाला पटवलं, तर हा हुकूम रद्द होतो."

"रद्द म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही पुन्हा त्याच्या बायको."

तुझा दंड पुन्हा दगडासारखा झाला.

ते सहा महिने मी कसे विसरू? चार वर्षं तो आला नव्हता तेव्हा भीती होती, पण तिला दिशा नव्हती. आता तिला रस्ता मिळाला होता. तो यायचा तर सोलापूरच्या गाडीनं येणार, स्टँडवर उतरणार, कोर्टात जाणार. स्टँड तुझ्या सोसायटीच्या वाटेवर. तू वाट बदललीस, उकिरड्यामागून चिखलातून जायला लागलीस. नूरीला शाळेत मी नेत होते, मी आणत होते, तरी मधल्या सुट्टीत तू कुंपणापाशी उभी दिसायचीस. पोरं म्हणायची, बाई, नूरीची आई आली. जेवताना घास हातात थांबायचा. कुणी सायकलवरून उतरलं, कुणी खाकरलं, कुणी 'चाचा हायत का' म्हणालं, की तू आधी नूरीकडं बघायचीस, मग दाराकडं. तुझे केस त्या काळात गळायला लागले. फणीत गुंतलेला पुंजका मला दाखवून म्हणालीस, "त्याच्या हातात धरायला तरी ऱ्हाईले न्हाईत."

चाँदभाईंशी बोलणंही तू बंद केलंस. उगाच गफूरच्या कानावर काही जायला नको. ते आपले कॅन हळू टेकवत राहिले.

आणि तो आला.

उन्हाळा लागला होता, शाळा सकाळची होती. मी आणि नूरी घरी आलो, ती पुढं पळाली. मी अंगणात पाऊल टाकलं तर लिंबाखाली बाजेवर एक माणूस बसलेला. मला वाटलं गादी भरायला आलेलं गिऱ्हाईक. चाचा रजया घेऊन ईट गावच्या बाजाराला गेले होते. तू स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात उभी होतीस आणि नूरीला पाठीशी घालून तिचा हात इतका घट्ट धरला होतास की पोर रडवेली झाली होती. तुझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

मी मनात केवढा राक्षस रंगवला होता! हा वाळलेला, गालफडं बसलेला माणूस. इस्त्रीचा शर्ट, पण कॉलर विरलेली. तांब्यातलं पाणी पिऊन त्यानं तांब्या हळूच खाली ठेवला.

"गफूरभाईनं निरोप धाडला," तो म्हणाला. "म्हणला, कोर्टात जाऊन सांग, बायकूला नांदवायला तयार हाय."

"हायसा का तयार?" तू विचारलंस. आवाज तुझा नव्हताच.

"तिकडं माझी एक हाय. दोन लेकरं हायत." मग नूरीकडं बघून म्हणाला, "पर ही बी माझीच हाय की." आणि त्यानं हात पुढं केला. "ये गं. ये हिकडं."

ते हात. मला विहीर दिसली, जैबून. त्या दिवशी मला ती दिसली.

नूरी हलली नाही. मी मधे जाऊन उभं राहावं की ओरडावं, काही सुचेना. आणि तू बोलायला लागलीस. पदर डोक्यावर, नजर खाली, एकेक शब्द तोलून. "जावा की कोर्टात. साहेब ईच्यारत्याल, चार वर्सं बायकूला, लेकीला काय घातलं. माझ्या वकिलाकडं पोटगीचा अर्ज लिवून तयार हाय. तुमचा पत्ता नव्हता म्हून ऱ्हाईला. तुमी कोर्टाची पायरी चढला की पत्ता घावला. मग महिन्याच्या महिन्याला भरायचं. हिचं बी, माझं बी. न्हाय भरलं तर जेल. तिकडच्या लेकरांचं काय त्ये तुमी बघा."

असा कुठलाही अर्ज नव्हता. तुला माहीत होतं, मला माहीत होतं. ज्या कलमाच्या नुसत्या नावानं तू वकिलाच्या खोलीतून उठून गेली होतीस, तेच तू त्याच्यासमोर उभं केलंस.

त्यानं माझ्याकडं बघितलं. "ह्या कोण?"

"शाळंच्या बाई हायत. साक्षीला."

मी मान हलवली. कशी हलली कोण जाणे.

तो उठला, शर्ट झटकला. "बघतो," म्हणाला आणि फाटकातून निघून गेला. तू त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिलीस, मग मोरीत जाऊन ओकलीस. नूरीनं विचारलं, तो कोण होता. तू म्हणालीस, गिऱ्हाईक.

मग माझा हात ओढून नूरीच्या डोक्यावर ठेवलास. अब्बांना सांगायचं नाही, वकिलाला नाही, आणि चाँदला तर मरेपर्यंत नाही. मी शपथ घेतली. घ्यायची इच्छा नव्हती, पण तुझी बोटं थंडगार होती आणि पोर खालून आपल्या दोघींकडं बघत होती.

मुदत संपायला थोडे दिवस उरले होते. 'बघतो' म्हणालेला माणूस गावात थांबला की गेला, आपल्याला माहीत नव्हतं. मी एकदा वकीलसाहेबांना आडून विचारलं, समजा नवरा गावात येऊन गेला, पण कोर्टात आलाच नाही, तर? ते म्हणाले, "बाई, कोर्टापुढं यावं लागतं. दारात येऊन गेलेला कोर्टाला दिसत नाही." मी धावत येऊन तुला सांगितलं. मला वाटलं तुला हायसं वाटेल. तू म्हणालीस, "कोर्टाला न्हाय दिसला. वरच्याला दिसला की."

शेवटच्या दिवशी वकीलसाहेबांनी सांगितलं, कुणी आलं नाही, हुकूम कायम झाला. तू कोर्टाच्या पायरीवरच बसलीस. हसली नाहीस, रडली नाहीस. इद्दतीचे, दुसऱ्या निकाहाआधी थांबायचे दिवस सरले आणि चाँदभाईंशी तुझा निकाह झाला, चाचांच्या दुकानात, कापसाच्या गाठोड्यांमधे. मी तुझ्या हाताला मेंदी लावली होती. तळवा एकसारखा ओला होत होता, रंग धरत नव्हता.

पुढची वर्षं चांगली गेली. कुणाला खोटं वाटेल इतकी चांगली. नूरीला चाँदभाईंनी टेम्पोत पुढं बसवून हायस्कूलला सोडलं. माझी बदली झाली तरी मी सुट्टीत येत राहिले. पण निघताना तू मला उंबऱ्यात धरायचीसच. "मास्तरणी, त्यो आलता. मग बेपत्ता कसा? म्या खोटं बोलून त्याला पळीवला. त्या खोट्यावर माझा निकाह उभा हाय. हराम तर न्हाय ना?" मी म्हणायचे, तो आपल्या पायानं आला, आपल्या पायानं गेला. तू म्हणायचीस, म्या भ्या घातलं म्हणून गेला. मी चिडायचे. म्हणायचे, त्यानं तुला जन्मभर घातलं, तू एकदा घातलंस तर काय झालं! तू मान हलवायचीस. दर वेळी तेच बोलणं, दर वेळी तिथंच अर्धं तुटायचं, कारण आतून चाँदभाईंची चाहूल लागायची.

काविळीनं तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा म्हणालीस, "चाँदला सांगू का आता?" मी म्हटलं, सांग. तू म्हणालीस, "नगं. त्येला वाटंल, इतकी वर्सं ह्या बाईनं मला पापात ठेवलं." आणि डोळे मिटून घेतलेस. ते पिवळे डोळे.

आता ती गोष्ट सांगते.

तिसऱ्या दिवशीची जियारत झाल्यावर मी परत निघाले. चाँदभाई मला स्टँडवर सोडायला आले. गाडीला वेळ होता. ते उभेच होते, बसत नव्हते, सारखे रस्त्याकडं बघत होते. मग म्हणाले, "बाई, एक बात हाय. तिच्याम्होरं कवाच बोललो न्हाय. आता तुमच्याम्होरं न्हाय बोललो तर मला नीज यायची न्हाय." गमछा दोन्ही हातांनी पिळत होते, जैबून. कॅन टेकवणारे ते हात.

"आमच्या निकाहाच्या आदी," ते म्हणाले, "ती मुदत चालू व्हती. म्या हितंच टेम्पो लावून उभा व्हतो, दुपारचा, चाचा रजया घिऊन ईटला गेलते त्याच दिशी. एक माणूस आला. म्हणला, कोर्ट कुठं हाय? म्या बघितलं आन् वळखलं. नूरीचं नाक, नूरीच्या भुवया. इस्माईल."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. "मग?"

"तोंडापतूर आलतं, आज कोर्ट बंद हाय. एक शबूद. पर न्हाय म्हणवला. म्हणलं, खोटं बोलून तिला आणली तर जलमभर तिच्या डोळ्यात कसा बघू? सांगितलं त्येला, ह्यो रस्ता, सरळ जावा, डाव्या अंगाला कौलारू इमारत. त्यो गेला. म्या टेम्पोच्या दाराला धरून उभा. दूध तापाया लागलं उन्हात, पाय उचलंना. त्यो वळणापतूर गेला. तितं उभा ऱ्हायला, लई वेळ. बिडी वडली. कोर्ट समोर दिसत व्हतं त्येला, बाई. मग वळला आन् माघारी आला. सोलापूरच्या गाडीत बसला. गाडी हलंपतूर म्या बघितलं."

"चाँदभाई, तिला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुझ्या नवऱ्याला कोर्टाची वाट म्या दावली म्हणू?" त्यांनी गमछानं तोंड पुसलं. "ज्या माणसाच्या भ्यानं तिचं केस गळलं, त्येला म्याच रस्ता दावला. ती माझ्या दारात पाऊल टाकती का? रोज वाटायचं, कुणीतरी बघितलं असंल, कुणीतरी तिला सांगंल. इतकी वर्सं भीत भीत जेवलो तिच्या हातचं."

मी तुझी शपथ मोडली, जैबून. तिथंच. सांगितलं त्यांना की तो आधी तुझ्या दारात आला होता, तू काय बोललीस, मी कुठं उभी होते, तू मोरीत कशी ओकलीस, सगळं. ते ऐकत राहिले. गाड्या आल्या, गेल्या. माझीही गेली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "म्हंजे तिलाबी ठावं व्हतं." आणि थोडं थांबून, "मग आमी दोघं एका घरात कशाला भीत व्हतो, बाई?"

दोन्ही अर्ध्या गोष्टी ऐकणारी मी एकटीच, आणि दुसरी अर्धी ऐकली ती तू मातीत गेल्यावर.

पण तू मला इतकी वर्षं उंबऱ्यात धरून जे विचारत होतीस, त्याचं उत्तर आता माझ्याकडं आहे. तुझ्या धमकीनं तो भ्याला असेल, नसेल. तरी तो कोर्टाकडं निघाला होता. त्याला खरा रस्ता दाखवला गेला. दाखवणाऱ्यानं आपला संसार पणाला लावून दाखवला. वळणावर उभं राहून इस्माईलनं कोर्टाची इमारत बघितली आणि नूरीकडं, तुझ्याकडं पाठ फिरवली, भर दुपारी, कुणी न ढकलता. त्याला पळवून लावणारी तू नव्हतीस, जैबून. तुझा निकाह खरा होता. तुझ्या शेजारी बसून जेवणारा माणूस त्याचा साक्षीदार होता, आणि तो तुला हे सांगायला घाबरत होता.